रस्त्याकडेचा दगड कुणाचा, आणि तो सांगतो काय?

प्रश्न : आमची भातशेती खालापूर तालुक्यात राज्यमार्गाला लागून आहे. आमच्या बांधापासून डांबरापर्यंतच्या वीस-पंचवीस पावलांत पाच-सहा तऱ्हांचे दगड आणि सिमेंटचे खांब उभे आहेत. एकाचं डोकं हिरवं आहे. एक गुडघ्याएवढा, पांढरा, त्यावर नुसता ‘4’ आकडा. एकावर ‘सा.बां.’ अशी अक्षरं, एकावर ‘ओ.एफ.सी.’ आणि एक पिवळा खांब गॅस पाइपलाइनचा. तो तर बांधाच्या आत, आमच्या खाचरातच आहे. शेतात गाडी उतरवायला वाट करायची आहे, पुढे बोअर घ्यायचंही मनात आहे. यांतला कुठला दगड काय सांगतो? अडचणीचे थोडे बाजूला सरकवले तर चालतील का? आणि खांब शेतात आला म्हणजे तेवढी जमीन गेली का?
— एक वाचक, जि. रायगड

उत्तर : शेवटच्या दोन शंकांची उत्तरं आधी. यांतला एकही दगड स्वतःहून हलवू नका. आणि शेतात पाइपलाइनचा खांब उभा राहिला म्हणून जमीन गेली असं होत नाही. सात-बारा तुमच्याच नावावर राहतो, मात्र त्या पट्ट्यात काय करायचं नाही याची बंधनं येतात. मालकी एकाची आणि वापराचा मर्यादित हक्क दुसऱ्याचा, अशी ही व्यवस्था असते.

रस्त्याकडेच्या दगडांची कामं मुख्यतः चार : अंतर सांगणं, हद्द दाखवणं, जमिनीखाली काय आहे याची सूचना देणं आणि उंचीची नोंद जपणं. समोरचा दगड यांपैकी कुठल्या कामाचा, हे ओळखता आलं की निम्मे गैरसमज मिटतात. म्हणून त्याच क्रमाने पाहू.

अंतराचे दगड

हिरव्या डोक्याचा दगड हा राज्यमार्गाचा किलोमीटरचा दगड. राष्ट्रीय महामार्गावर हेच डोकं पिवळं असतं. जिल्हा मार्गांवर आणि शहरांत काळा किंवा निळा रंग दिसतो, तर पंतप्रधान ग्रामसडक योजनेतल्या रस्त्यांवर नारिंगी. खालचा भाग सगळीकडे पांढराच. दर पाचव्या किलोमीटरचा दगड इतरांपेक्षा मोठा असतो आणि त्यावर जास्त गावांची अंतरं लिहिलेली असतात. या दगडांचे आकार आणि रंग भारतीय रस्ते काँग्रेसने ठरवून दिलेले आहेत, म्हणून ते देशभर साधारण सारखे दिसतात.

जुन्या दगडांवरचे महामार्गांचे क्रमांक मात्र जपून वाचायला हवेत. 2010 मध्ये देशातल्या राष्ट्रीय महामार्गांना नवे क्रमांक मिळाले. तुमच्या जवळून जाणारा मुंबई–पुणे महामार्ग पूर्वी 4 क्रमांकाचा होता, तो आता 48 आहे. मुंबई–गोवा महामार्ग 17 चा 66 झाला.

‘4’ लिहिलेला पांढरा दगड म्हणजे 200 मीटरचा दगड. दोन किलोमीटर-दगडांच्या मध्ये असे चार दगड असतात, त्यांवर 2, 4, 6, 8 असे आकडे. ‘4’ म्हणजे मागच्या किलोमीटर-दगडापासून 400 मीटर पुढे. सार्वजनिक बांधकाम विभागाच्या कामांच्या फलकावर ‘कि.मी. 12/400 ते 15/000’ असं लिहिलेलं असतं, ते हेच मोजमाप. इथे एक गल्लत नेहमी होते. मोरीच्या कठड्यावर ‘12/4’ असं रंगवलेलं दिसलं तर ते 400 मीटर नव्हेत. बाराव्या किलोमीटरमधली ती चौथी मोरी.

या आकड्यांचा मोठा उपयोग अडचणीच्या वेळी होतो. अपघात झाला आणि 108 वर रुग्णवाहिका बोलावली, किंवा राष्ट्रीय महामार्गावर 1033 हा मदत क्रमांक फिरवला, तर ‘वळणापुढच्या मोठ्या झाडाजवळ’ असं सांगण्यापेक्षा रस्त्याचं नाव, जवळचा किलोमीटर आणि 200 मीटरच्या दगडावरचा आकडा सांगावा. मदत थेट तिथे पोचते. घरातल्या मुलांना हे आकडे वाचायला आवर्जून शिकवा.

अंतराचा दगड रस्त्याची कड दाखवत नाही. तो रस्त्याच्या जमिनीत, वाहनचालकाला दिसेल असा रोवलेला असतो. वळणांवर आणि भरावाच्या कडेला काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचे ठेंगणे खांब असतात, त्यांचाही हद्दीशी संबंध नाही. गाडी खाली जाऊ नये म्हणून ते असतात.

अंतराच्या दगडांची परंपरा आपल्याकडे जुनी आहे. मुंबईत एकोणिसाव्या शतकात फोर्टमधल्या सेंट थॉमस चर्चपासून मैल मोजले जात. तिथून किती मैल, हे रोमन आकड्यांत कोरलेले काळ्या पाषाणाचे काही दगड आजही शहरात आहेत. वर्षानुवर्षं पदपथांवर थर चढत गेले आणि त्यांतले काही गळ्यापर्यंत गाडले गेले. अलीकडच्या काळात वारसा म्हणून ते शोधून मोकळे करण्याचं काम झालं, ही समाधानाची गोष्ट.

हद्दीचे दगड

‘सा.बां.’ म्हणजे सार्वजनिक बांधकाम. हा रस्त्याच्या हद्दीचा दगड, आणि तुमच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा. डांबर संपलं की रस्ता संपला, हा समज चुकीचा आहे. रस्त्यासाठी संपादन केलेल्या जमिनीत मधली डांबरी वाट, दोन्ही बाजूंच्या साइडपट्ट्या, गटार, झाडांची रांग आणि पुढेमागे रुंदीकरणासाठी राखलेली जागा हे सगळं येतं. हद्दीचा दगड या सगळ्याच्या बाहेरच्या कडेला असतो. डांबर आणि हा दगड यांच्या मधली पडीक दिसणारी जागा रस्त्याचीच. तिथे टपरी टाकणं, कुंपण पुढे सरकवणं किंवा उकिरडा करणं हे अतिक्रमण ठरतं.

लोहमार्गाजवळ रेल्वेच्या हद्दीचे खांब असतात. वनहद्दीवर वन विभागाचे क्रमांक घातलेले बुरूज असतात, कुठे दगड रचून केलेले, कुठे सिमेंटचे. त्यांना हात लावणं फार महाग पडतं. भारतीय वन अधिनियम, 1927 च्या कलम 63 नुसार वनहद्दीची निशाणी हलवली किंवा मोडली तर दोन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे.

राहिले ते भूमी अभिलेख विभागाचे, म्हणजे मोजणीचे दगड. गट किंवा सर्व्हे नंबरच्या कोपऱ्यांवर ते असतात. यांचा रंग बहुधा उडालेला असतो, अक्षरंही नसतात, म्हणून बांधबंदिस्ती करताना हेच पहिल्यांदा नाहीसे होतात. खरं तर महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, 1966 प्रमाणे आपल्या जमिनीच्या हद्दीच्या निशाण्या जपण्याची जबाबदारी जमीनधारकावरच आहे.

या दगडांमागचं माप समजून घेण्यासारखं आहे. आपल्याकडच्या जुन्या मोजणीची साखळी 33 फुटांची, आणि तिचे 16 आणे. 33 फूट लांब आणि 33 फूट रुंद जागा म्हणजे 1089 चौरस फूट, तोच आपला गुंठा. असे 40 गुंठे म्हणजे एकर. गाव नकाशावर एका तुटक रेषेने दाखवलेला पायमार्ग सव्वाआठ फुटांचा धरतात, ते साखळीचे बरोबर चार आणे. दोन तुटक रेषांचा गाडीमार्ग साडेसोळा ते एकवीस फुटांचा, त्यातले साडेसोळा फूट म्हणजे आठ आणे. साखळी कपाटात गेली आणि तिच्या जागी इलेक्ट्रॉनिक यंत्रं व उपग्रहावर चालणारे रोव्हर आले, तरी गावच्या वाटांची रुंदी त्या जुन्या साखळीनेच ठरवलेली आहे. म्हणून वाटेच्या भांडणात ‘पूर्वीपासून इतकीच होती’ अशा तोंडी साक्षीआधी गाव नकाशाची नक्कल काढावी.

जमिनीखालची सूचना देणारे खांब

‘ओ.एफ.सी.’ म्हणजे ऑप्टिकल फायबर केबल. दूरध्वनी आणि इंटरनेटच्या या केबल रस्त्याच्या कडेने जातात. भारत संचार निगमच्या प्रमाण पद्धतीत ही केबल 1.65 मीटर खोल टाकतात, आणि केबलची दिशा जिथे बदलते किंवा सांधा येतो तिथे दगड रोवतात. दगड चराच्या बरोबर माथ्यावर असेलच असं नाही, बहुधा तो थोडा बाजूला असतो. शिवाय कडेचा भराव खचला, गटार खोल केलं, की वरची माती कमी होते आणि केबल अपेक्षेपेक्षा वर येते. त्यामुळे दगडापासून दोन हात सोडून खणलं म्हणजे धोका टळला, असा हिशेब करू नये.

विजेच्या केबलच्या खुणा याहून गंभीरपणे घ्यायच्या. भारतीय मानकानुसार घरगुती दाबाची केबल पाऊण मीटर, 11 केव्हीपर्यंतची 90 सेंटिमीटर आणि 22 व 33 केव्हीची 1.05 मीटर खोल असते. पहार किंवा जेसीबीचा दात इतक्या खोलीला सहज पोचतो. खणताना विटांचा सलग थर किंवा लाल रंगाची प्लॅस्टिकची पट्टी लागली तर तिथेच थांबा. केबलवर मुद्दाम घातलेली ती शेवटची सूचना असते.

आता तुमच्या खाचरातला पिवळा खांब. रायगड जिल्ह्यातून तेल आणि गॅसच्या मोठ्या वाहिन्या जातात. उरणहून चाकणला एलपीजीची वाहिनी जाते, दहेजहून उरण-पनवेलला नैसर्गिक वायूची येते आणि पनवेलहून पुढे दाभोळला जाते. या वाहिन्यांसाठी जमिनी विकत घेत नाहीत. 1962 चा पेट्रोलियम आणि खनिज पाइपलाइन अधिनियम सरकारला फक्त वापराचा हक्क मिळवून देतो. मालकी शेतकऱ्याची राहते. पाइप टाकून जमीन पूर्ववत केल्यावर त्या पट्ट्यात भात लावता येतो, नाचणी, वाल, भाजीपाला घेता येतो. कलम 9 ने तीन गोष्टींना मनाई केली आहे : बांधकाम करायचं नाही, विहीर, तळं, जलाशय किंवा बंधारा खोदायचा-बांधायचा नाही, आणि झाड लावायचं नाही. झाडाला मनाई एवढ्यासाठी की मुळं पाइपच्या लेपाला इजा करतात आणि दुरुस्तीच्या वेळी वाट अडवतात. या बंधनाचा मोबदला म्हणून जमिनीच्या बाजारभावाच्या 10 टक्के रक्कम आणि कामाच्या वेळी झालेल्या पिकाच्या व इतर नुकसानीची भरपाई मिळते. तुमच्या घरात ती कुणाच्या नावावर, कुठल्या साली मिळाली, याचे कागद शोधून ठेवा. त्यांत पट्ट्याची रुंदी आणि गट क्रमांक मिळतील.

पाइपलाइनचे खांबही एकाच कामाचे नसतात. काही वाहिनीचा किलोमीटर सांगतात, काही वळण दाखवतात, काही वापरहक्काच्या पट्ट्याची कड. उंच खांबावर मोठ्या आकड्यांची पाटी असेल तर ती हवाई पाहणीसाठी. रस्ता, ओढा किंवा लोहमार्ग ओलांडताना दोन्ही काठांवर धोक्याच्या सूचनेचे फलक असतात. आणि एखाद्या खांबाला झाकणाची छोटी पेटी असते, तिच्याविषयी विस्ताराने सांगायला हवं.

जमिनीतल्या ओलाव्याने पोलादी पाइप गंजतो. गंजताना धातूतून विद्युतप्रवाह मातीत बाहेर पडत असतो. तो उलटा फिरवण्यासाठी बाहेरून पाइपला सौम्य प्रवाह देतात आणि पाइप सतत ऋण विद्युतदाबाखाली ठेवतात. हा दाब ठराविक पातळीपेक्षा कमी ऋण झाला की गंज धरण्याची शक्यता वाढते. तपासणीसाठी वापरात असलेल्या तांबे-तांबेसल्फेटच्या प्रमाण इलेक्ट्रोडच्या तुलनेत ही पातळी उणे 0.85 व्होल्ट मानतात. त्या छोट्या पेटीत पाइपला जोडलेल्या तारा असतात आणि तपासणीस तिथे मीटर लावून हा दाब मोजतो. तांब्याच्या लोभाने कुणी तारा तोडल्या, तर त्या टप्प्यात पाइप गंजतो आहे की नाही हे वेळेत कळतच नाही. 27 जून 2014 रोजी आंध्र प्रदेशातल्या पूर्व गोदावरी जिल्ह्यात नगरम गावी गॅसवाहिनी फुटून आगीत वीसहून अधिक माणसं गेली. वाहिनी गंजणं किती भयंकर ठरू शकतं, ते देशाने तेव्हा पाहिलं. म्हणून ती पेटी मोडकी दिसली तरी खांबावरच्या क्रमांकावर फोन करून कळवा.

आणखी एक गोष्ट घरातल्या सगळ्यांना माहीत असावी. स्वयंपाकाच्या गॅसला जो उग्र वास येतो तो मुद्दाम मिसळलेला असतो. लांब पल्ल्याच्या मोठ्या वाहिनीतल्या नैसर्गिक वायूला सहसा वास नसतो. गळती ओळखायची ती फुसफुस आवाजावरून, उडणाऱ्या धुळीवरून, भरल्या खाचरातल्या पाण्यात येणाऱ्या बुडबुड्यांवरून किंवा हिरव्या पिकात मध्येच सुकलेल्या पट्ट्यावरून. असं काही दिसलं तर विडी-काडी पेटवू नका, मोटार किंवा ट्रॅक्टर सुरू करू नका. वाऱ्याच्या विरुद्ध बाजूने दूर जा आणि मग फोन करा.

उंचीचे दगड

पुलाच्या कठड्यावर, मंदिराच्या पायरीवर, जुन्या सरकारी इमारतीच्या जोत्यावर कोरलेला छोटा चौकोन आणि ‘जी.टी.एस.’, ‘बी.एम.’ अशी रोमन अक्षरं दिसली तर ती भारतीय सर्वेक्षण विभागाची खूण. त्या बिंदूची समुद्रसपाटीपासूनची उंची विभागाच्या नोंदीत असते. धरणं, कालवे, रेल्वे, पूररेषा यांच्या आखणीत अशा खुणांचा आधार घेतला गेला आहे. नागपूरचा 1907 मध्ये उभारलेला शून्य मैलाचा दगड याच घराण्यातला. तिथे नोंदलेली उंची 1020.171 फूट आहे. दुरुस्तीच्या नावाखाली अशा खुणेवर प्लास्टर चढतं आणि ती कायमची गमावली जाते. जीर्णोद्धार करणाऱ्या गावकऱ्यांनी आणि कंत्राटदारांनी एवढं जरूर पाहावं.

प्रश्न : मग शेतात उतरणारी वाट आणि बोअर, दोन्हींचं काय करू?

उत्तर : वाट तुम्हाला रस्त्याच्या जमिनीतून आणि गटारावरून न्यावी लागेल. त्यासाठी सार्वजनिक बांधकाम विभागाच्या उपविभागीय कार्यालयात अर्ज करा. गटार बुजवायचं नाही, ह्यूम पाइप टाकून पाण्याला वाट ठेवायची. 200 मीटरचा किंवा हद्दीचा दगड आड येत असेल तर तो विभागच हलवेल. वाट पाइपलाइनवरून जाणार असेल आणि तिच्यावरून भरलेले ट्रक किंवा यंत्रं जायची असतील, तर खांबावर ज्या कंपनीचं नाव आहे तिची लेखी संमती हवी.

बोअर वापरहक्काच्या पट्ट्यात घेऊ नका. विहिरीची मनाई तिलाही लागू होते, आणि पाइपवर छिद्र पाडणारं यंत्र चालवण्यातला धोका वेगळा सांगायला नको. कंपनीचा माणूस बोलावून पट्ट्याची कड आखून घ्या आणि तिच्यापासून पुरेसं दूर पाणी पाहा. मार्च 2023 पासून केंद्र सरकारचं ‘कॉल बिफोर यू डिग’ हे ॲप सुरू आहे. खणणाऱ्याने त्यावर जागा कळवली की जवळपास वाहिन्या असलेल्या कंपन्यांना सूचना जाते. जेसीबीवाल्याला बोलावण्याआधी त्याला हे ॲप वापरायला लावा.

प्रश्न : ‘सा.बां.’चा दगडच चुकीच्या जागी, आमच्या जमिनीत रोवला असेल तर?

उत्तर : दगड ही खूण आहे, पुरावा नव्हे. पुरावा मोजणीच्या नकाशात आणि भूसंपादनाच्या निवाड्यात असतो. आधी सात-बारा आणि फेरफार काढा. रस्त्यासाठी जमीन घेतली तेव्हा कमी-जास्त पत्रक, म्हणजे कजाप झालं होतं का ते पाहा. मग तालुक्याच्या भूमी अभिलेख उप अधीक्षकांच्या कार्यालयात हद्द कायम मोजणीचा अर्ज करा आणि मोजणीच्या दिवशी बांधकाम विभागाचा प्रतिनिधी व शेजारचे खातेदार हजर राहतील असं पाहा. मोजणीनंतर मिळणारी नकाशाची ‘क’ प्रत जपून ठेवा. तोवर दगड आहे तिथेच राहू द्या. उपटलात तर बाजू तुमची खरी असूनही गुन्हा तुमच्यावर येईल. सरकारी अधिकाराने रोवलेली सीमाखूण हलवणं हा जुन्या भारतीय दंड संहितेच्या कलम 434 खाली एक वर्षापर्यंत शिक्षेचा गुन्हा होता, आणि 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही तो गुन्हाच आहे.

प्रश्न : ज्या वाटेवर एकही दगड नाही, तिच्यावर कुणाचा हक्क नसतो का?

उत्तर : असतो. बांधावरून शेतात जायचा हक्क दगडावर अवलंबून नाही. दुसरी वाट नसेल तर महसूल अधिनियमाच्या कलम 143 खाली तहसीलदार बांधावरून रस्ता देऊ शकतात. वहिवाटीची वाट कुणी अडवली असेल तर मामलेदार न्यायालय अधिनियम, 1906 च्या कलम 5 खाली अडथळा दूर करण्यासाठी त्यांच्याकडेच दाद मागता येते. वाट अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत तो दावा दाखल करायचा असतो, म्हणून गावात समजुतीची बोलणी चालू असली तरी तारखेकडे लक्ष ठेवा.

शेवटी तुम्हाला आणि सगळ्याच वाचकांना एक विनंती. येत्या रविवारी मुलांना घेऊन आपल्या बांधालगतचे सगळे दगड आणि खांब पाहून या. प्रत्येकावरची अक्षरं, आकडे आणि संपर्काचे क्रमांक वहीत लिहा, मोबाइलवर फोटो काढा आणि ते सात-बारा व मोजणी नकाशाच्या फाइलमध्ये ठेवा. पडलेला किंवा गाडला गेलेला दगड दिसला तर संबंधित कार्यालयाला लेखी कळवून पोच घ्या. हद्दीचे वाद उभे राहतात तेव्हा आणि पहार जमिनीत जाण्याआधी, दोन्ही वेळी हीच नोंद तुमच्या कामी येईल.